मधोमध लावलेला पाईप

धूळ ओढायच्या मशीनचं नाव काढलं की मला आमचा नामदेव आठवतो. गेवराईत आमची सुतारांची सोसायटी व्हती, एकाच शेडात सगळ्यांचे विजेवरचे आरे. सकाळी भुईवर पाणी शिंपडलं की भुसा खाली बसायचा. दुष्काळात प्यायलाच टँकर, भुईला पाणी कोण देईल? भुसा उडायला लागला आन् नामदेवला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणला, "धूळ बंद करा, न्हाईतर छाती जाईल."

म्हणून सोसायटीनं मशीन घेतली. पाईप एकच. बसवणारा म्हणला, "ह्याचं तोंड आऱ्याला चिकटून पायजे, लांबून धूळ वढत न्हाई."

बैठक बसली. जो तो म्हणे, माझ्या आऱ्याला लावा. शेवटी चेअरमन वैतागला, "भांडू नका बे. मधोमध लावा, सगळ्यांना सारखं."

लावला. आरे सगळे भिताडाला लागून, मधी मोकळी जागा, तिथं आराच न्हाई. मशीन नुसती हवा वढायची.

नामदेवनं काही दिस बघितलं आन् आपला आरा फरफटत पाईपाखाली नेला. लगेच गलका झाला, "मशीन काय तुझ्या एकट्याची हाय का?"

चेअरमन म्हणला, "नामदेवराव, सोसायटीत जे हाय ते सगळ्यांचं."

नामदेव खोकत खोकत म्हणला, "मंग खोकला तेवढा माझ्या एकट्याचा कावून?"

त्याचा आरा आमी सगळ्यांनी मिळून उचलला आन् परत भिताडाकडं नेऊन ठेवला.