जाऊ गोड बोलायली आन् माझा हात आडला

माझं माहेर मादन हिप्परगा, आळंद तालुका, आन् दिलं हिकडं कोहिनूरला, म्हंजे कलबुर्गी जिल्ह्यातून उचलली आन् बिदर जिल्ह्यात टाकली, एवढाच काय तो माझा देशोदेशीचा प्रवास. नाव नीलम्मा. आता तुमी एवढ्या लांबून आलाव आन् विचारायलाव, आज्जी, ह्या वयात तुमी टॅबलेटवर चित्रं काढता, ती पुस्तकात छापतेत, तर तुमाला सुचतं कुटनं. काय सांगू तुमाला बाई. लोक म्हणं डोंगर बघतेत, नदी बघतेत, मग त्येंना सुचतं. मला भांडल्याबिगर सुचत न्हाई.

पहिल्यापासून सांगते. लग्न झालं तवा मी लई शाणी होते, म्हंजे माझ्या मनात. वेणी गुडघ्यापर्यंत आन् डोस्क्यात हवा त्याच्याबी वर. सासूला उलट बोलायची सोय न्हवती, ती कायबी बोलली की मी मान खाली घालून व्हय अव्वा, व्हय अव्वा करायची, आन् मागं गोठ्यात जाऊन कोळशानं भिंतीवर तिला काढायची. कधी बेडूक, कधी खेकडा. आन् मला वाटायचं, कुणाला काय कळतंय, ह्या घरात माझ्याएवढं डोकं हाय कुणाला. एकदा घुबड काढलं. असं झकास उतरलं की माझंच मला कौतुक वाटायलं, आन् त्या कौतुकाच्या भरात घुबडाच्या कपाळावर चुन्यानं विभूतीचे तीन पट्टे ओढले. आमी बसवण्णाला मानणारी माणसं, सासू सकाळची पूजा झाली की जे पट्टे ओढायची ते दिवसभर हलायचे न्हाईत. आता सगळ्या गावात विभूती लावणारं घुबड दुसरं कुटलं असणार, हे माझ्या त्या हुशार डोस्क्यात आलंच न्हाई. सासू शेण काढाया आली, तिनं भिंत बघितली आन् म्हणली, नीले, ह्या घुबडाला दीक्षा कुणी दिली गं. मी म्हणले, काय की अव्वा. ती म्हणली, बरं, शेणाची पाटी घे आन् सारव ती भिंत. सारवली. वाळली की भिंत परत कोरी, कोळसा काय चुलीत पडलेलाच.

तर माझी नात मंजू, ती बेंगळुराला कम्प्युटरवर चित्रं काढायची नोकरी करती. तिनं तिचा जुना टॅबलेट मला दिला, आन् एक पेन, ज्याच्यात शाईच न्हाई. पहिल्या दिवशी ते उमटंना म्हणून मी जिभेला लावलं, तर मंजूनं कपाळावर हात मारला. मग शिकवायली, आज्जी, हे थर असतेत बघ, खालच्या थरावर रान काढायचं, त्याच्यावर झाड, त्याच्यावर माणूस, माणूस पुसला तरी झाड हलत न्हाई. मी म्हणले, व्हय गं, वाकळंवर ठिगळं लावतेत तसं. ती म्हणली, आन् हा वाकडा बाण दाबला की शेवटची रेघ जाती. मी म्हणले, हे सारवण झालं, फरक एवढाच की शेणाचा वास येत न्हाई.

माझी काम करायची पद्धत विचारायलाव ना, तीबी सांगते. सकाळी च्या झाला की अंगणात बसायचं, गौराक्काच्या दाराकडं तोंड करून. गौराक्का माझी थोरली जाऊ. दोघींचे नवरे गेले, लेकरं शहराला, आता एक अंगण, दोन चुली आन् मधी एक नळ. पाणी येतंय करंगळीएवढं, त्यावर रोज भांडण. ती म्हणायची, नीले, तुझी बादली कामून लावलीस पुढं, मी म्हणायची, नळ काय तुझ्या बापानं माहेरनं पाठवलाय का. असं तोंड भरून झालं की माझा हात मोकळा सुटायचा. तिचा तो खोचलेला पदर, वर गेलेली एक भुवई, खालचा ओठ ओढून मिश्री लावायची तऱ्हा. कोंबडी काढायची तरी गौराक्का, शेळी काढायची तरी गौराक्काच. उंट म्या जलमात जवळनं बघितला न्हाई, गौराक्काची मान लांब केली, झाला उंट.

मंजूनं ती चित्रं फोनवर टाकली, आन् पुण्याच्या एका पुस्तकवाल्या बाईंचा फोन आला. लहान लेकरांची गोष्ट होती. येळवसंला, म्हंजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळं गाव रानात जेवाया जातंय, आंबील, भज्जी घेऊन, आन् म्हशीला घरीच बांधून ठिवलं म्हणून ती रुसती. मला म्हणल्या, म्हैस चांगली रागीट पायजे. मी म्हणले, त्याची तुमी काळजीच करू नका.

पुस्तक छापून आलं. मी मिरवत अंगणवाडीत नेऊन दिलं. शिक्षिकाबाईंनी पान उघडलं, आन् सगळी लेकरं एका सुरात म्हणली, गौराक्का. म्हशीला म्या इरकल लुगडं नेसवलेलं, पदर खोचलेला, भुवई वर, आन् ओठ ओढून मिश्री लावायली. म्हंजे बगा, घुबड काढलं तवा जेवढी अक्कल होती तेवढीच आतापर्यंत जपून ठिवली मी, जराबी खर्च केली न्हाई.

गावभर झालं. मी घरी येऊन पेन हातात घेऊनच बसले, म्हणलं आज जे भांडण हुईल त्यात आख्खं पुस्तक निघतंय. गौराक्का आली. अंगणात हुबी ऱ्हायली. आन् म्हणली, नीलम्मा, च्या घेता का तुमी.

बाई, एवढ्या वर्षांत तिनं मला कधी तुमी म्हणलं न्हवतं.

तवापासून जे सुरू झालं. नळावर, आधी तुमी भरा. बादली उचलून माझ्या दारात ठिवायली. माझ्या हातच्या शेंगाच्या चटणीचं कौतुक करायली, जी तिनं कधी तोंडात धरली न्हाई. आन् हिकडं पुण्याची बाई म्हणायली, लेकरांना म्हैस लई आवडली, दुसरं पुस्तक करायचं, चित्रं लवकर द्या. मी बसले काढाया. शिंगं आली, शेपूट आली, राग काय येईना. म्हैस अशी दिसायली जशी साखरपुड्याच्या फोटोला बसलीय. चित्रं पाठवली तर त्या बाई फोनवर लई हळू आवाजात म्हणल्या, आज्जी, ह्या वेळेला म्हैस आजारी हाय का. नीट जमलं न्हाई तर हे काम त्या दुसऱ्या कुणाला देणार, हे मला मंजूकडनं कळलं.

मग मी काय काय केलं ते इचारू नका. तिच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर कोंबड्या सोडल्या. ती म्हणली, असू द्या, मुकं जित्राब हाय. तिच्या नव्या लुगड्याला नावं ठिवली. म्हणली, तुमचं खरंय, रंग जरा चुकलाच. शेवटी नळावर मी तिची भरलेली बादली पायानं उलथून टाकली. सगळं पाणी तिच्या पायावर. ती थांबली. भुवई वर जायली, मी श्वास धरून बघायले, जा बाई वर, जा. आन् तिनं ती हळूच खाली आणली. म्हणली, पाय घसरला का तुमचा, लागलं न्हाई ना.

मी तितंच चिखलात बसले. म्हणलं, गौराक्का, शिव्या दे गं. तू गोड बोलायलीस तवापासून माझ्या हातून एक रेघ धड निघंना, काम जायलंय माझं.

तिनं बादली उपडी केली, त्यावर बसली, मिश्रीचा डबा काढला. म्हणली, नीले. नीलम्मा म्हणली न्हाई बरं, नीले म्हणली, माझा निम्मा जीव तितंच भांड्यात पडला. म्हणली, म्हैस केलीस त्याचा राग न्हाई मला, म्हैस दूध देती. पण ती म्हैस रागानं बघायली कुणाकडं? समोर तर कुणीच न्हाई. पुस्तक बघणाऱ्याला वाटणार, ही थेरडी उगंच फुगायली, म्हणून म्या फुगायचंच सोडलं. जिनं राग आणला ती भवानी कुटं हाय चित्रात?

मी म्हणले, मग काय काढू. ती म्हणली, गोचीड.

काढली. म्हशीच्या कानावर बसलेली, हातात पेन, तोंडावर असा भाव जसं हिनं काहीच केलं न्हाई. गौराक्का शेजारी बसून बोट दाखवायली, जरा जाड कर, नाक अजून नकटं कर, रगत पिऊन फुगलीय तर पोट दिसू दे. मी म्हणले, एवढी जाड न्हाई मी. ती म्हणली, नळावर बघते ना रोज. झालं. तितंच असं कडाक्याचं भांडण पेटलं, आन् म्हैस झरझर उतरली, शिंगापासून खुरापर्यंत. पुण्याची बाई म्हणली, आज्जी, हे चित्र कशावरनं सुचलं. मी म्हणले, जाऊबाईंनी सुचवलं.

आता लेकरं पुस्तक उघडली की आधी गोचीडच शोधतेत. मला रस्त्यानं हाक मारतेत, गोचीडाज्जी. मारू द्या. तुमी गौराक्काकडंबी जाऊन या, ती सांगल की सगळं तिनंच काढलंय, मी नुसती पेन धरती, तर तसंच लिहून घ्या, वाद घालू नका. देवानं तिला सुखी ठिवावं, हातपाय धड ठिवावं, आन् न्यायची येळ आली तर आधी मलाच न्यावं. ती मागं ऱ्हायली तर मला दोन शिव्या देऊन का हुईना रडल तरी. मी मागं ऱ्हायले तर सकाळी उठून कुणाच्या दाराकडं तोंड करून बसू, सांगा.