मनकर्णाबाईंचं पूर्ण नाव

…नाय, पण अक्षरांचा काय दुष्काळ पडलाय का? अक्षरं काय टँकरनं येतात का? मग नाव लिहिताना ए काढून तिथं चार बसवायचा, आय काढून एक, एस काढून पाच, हे कशापायी? तुम्हाला सांगतो, पुंडलिकनगरहून वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधला आपला हारिस, आईबापानं किती चांगलं नाव ठेवलं, तर मोबाईलच्या बंदुकीच्या गेममध्ये तो ते कसं लिहितो? एच, चार, आर, एक, पाच. नाव आहे का मोटारसायकलची नंबरप्लेट? आणि सुदर्शनचं तर विचारूच नका, त्याच्या नावात डॉलर आहे, फुली आहे, मध्येच एक कंस उघडलाय तो बंदच होत नाय… त्याच्या आईला दाखवलं तर म्हणाली, बाळा, मोबाईल बिघडलाय तुझा, दुकानात दाखवून ये.

आता हे सगळं मी नाय म्हणत, मनकर्णाबाई म्हणतात. मनकर्णाबाई म्हणजे त्याच बसमधल्या, तिसऱ्या सीटवरच्या, कंपनीत पार्ट तपासायला बावीस वर्षं. तपासलेल्या पेटीच्या चिठ्ठीवर बाकीचे नुसती नागमोडी रेघ ओढतात आणि मोकळे होतात, बाई लिहिणार 'मनकर्णा कडुबा साळवे', एकेक अक्षर सुटं, रोज, प्रत्येक पेटीवर. साहेब वैतागून म्हणाले, "बाई, नुसतं एम के लिहा हो, पेट्या तुंबल्यात." बाई म्हणाल्या, "साहेब, पेट्या निघतील. नाव नाय निघणार."

कारण आहे त्याला. कडुबा म्हणजे बाईंचे वडील, चितेगावचे. एकदा तलाठ्यानं शाईची डबी पुढं सरकवली, "लाव अंगठा." कडुबानं डबी मागं सरकवली आणि पेन मागितला. चाळिशीत शिकलेली अक्षरं ती, सही पुरी होईस्तोवर तलाठ्याचा चहा गार झाला, मागची रांग खोकायला लागली, पण गडी शेवटची मात्रा दिल्याबिगर उठला नाय. घरी येऊन लेकीला म्हणाला, "मनू, बाबासाहेबांमुळं अक्षर हातात आलं आपल्या. नाव लिहायचं तर पुरं लिहायचं." आता अशा बाईला तुम्ही म्हणणार, ए च्या जागी चार टाका?

पण हारिसनं टाकला ना. त्यांची चौघांची टीम, हारिस, सुदर्शन, निशा आणि एक जण नोकरी सोडून गेलेला, म्हणून बाईंना घेतलं. आणि नेम काय बाईंचा. बावीस वर्षं लोखंडातली केसाएवढी चीर हुडकलेली नजर ती, झुडपामागचा माणूस बाईंना झुडपाच्या आधी दिसतो. हारिसनं खातं काढून दिलं, नाव टाकलं सगळं आकड्यांचं. बाईंनी चष्मा वर केला. "हे कोण रे?" "मावशी, तुम हो." "ही मी नाय. ही कुणाच्या तरी गॅसची टाकी आहे." आणि तिथंच बसून टाईप केलं, मराठीत, 'मनकर्णा कडुबा साळवे, चितेगाव'.

आता गंमत अशी, त्या गेममध्ये नाव डोक्यावर तरंगतं आणि दुश्मनालाही दिसतं. बाई भिंतीआड लपल्या की इकडून 'मनकर्णा' बाहेर, तिकडून 'चितेगाव' बाहेर. हारिस रडकुंडीला. "मावशी, नाम काट लो ना थोडा, नको इत्ता लंबा, सब को दिखता." निशा म्हणाली, "मावशी, निदान गाव तरी काढा." दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढं जिल्हा लिहिला. जि. टिंब नाय, जिल्हा, आणि पुढं छत्रपती संभाजीनगर, सगळं. मी म्हणतो ना, अक्षरांचा काय दुष्काळ पडलाय का?

त्यात याच गेमवर पैज लागली कंपनीच्या चितेगावच्या बसशी. गेटाजवळ एकच कडुनिंब, हरणाऱ्या बसनं मे महिनाभर उन्हात उभं राहायचं. हारिस म्हणाला, "मावशी, या तो नाम छोटा, या तो टीम के बाहर." बाईंचा जीव होता हो त्या खेळात, घरी गेल्यावर बोलायला कोण होतं त्यांना? तरी म्हणाल्या, "मग काढ मला. बापानं तलाठ्यापुढं नाय काढलं, मी तुझ्यापुढं काढू व्हय?" हारिसनं बसभर बघितलं, तसा नेम दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाईंना ठेवलं टीममध्ये.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये सामना. बाई गेममधल्या पाण्याच्या टाकीमागं लपल्या आणि दोन्ही बाजूंनी जिल्ह्यासकट नाव बाहेर. चितेगाववाले चौघं बघतात तर काय, एवढी मोठी शिकार, पाटी लावून बसलीय. चौघं एकदम धावले तिकडं, मागंपुढं न बघता. आणि आपले तिघं वर गच्चीवर. हारिस ओरडतोय, "मावशी, हिलो मत, नाम दिखने दो, पूरा दिखने दो!" तिघं त्यांनी टिपले, चौथा बाईंनी. महिनाभर सावली आपल्या बसला.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती का नाय? पण सोमवारी बघतो तर दोन्ही बसमधल्या सगळ्यांनी नावं बदललेली. हारिस नवाब शेख, मुक्काम पुंडलिकनगर. सुदर्शननं तर वडिलांच्या पुढं आजोबाही घातले, कंसबिंस काढून. खेळ सुरू केला, पडद्यावर माणूस दिसंना, नुसती मतदार यादी पळतीये. बाईंची ती नजर, तिला पण काय दिसणार त्या गर्दीत? पहिल्याच मिनिटाला गोळी लागली. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, 'मनकर्णा कडुबा साळवे, चितेगाव, जिल्हा छत्रपती संभाजीनगर: बाद'.

बाईंनी चष्मा वर केला, सावकाश वाचलं, मग परत एकदा वाचलं. म्हणाल्या, "झाले बाद तर झाले. पण काना-मात्रा एक गाळली नाय मेल्यांनी."