मनात धरलेलं नाव

मन ओळखायला शिकवणारं दुर्मीळ, महागडं पुस्तक घेऊ का, म्हणून विचारतोस? असलंच एक मी अख्खा पगार घालून घेतलं होतं.

सांगलीत दाढी करत होतो, तेवढ्यात म्हसवडहून तार आली. माहेरी गेलेली माझी बायको वारली होती. बाराव्याला मेहुणीपाशी बोलून गेलो, “तुझ्या आक्काला मी मनात एक नाव धरायला सांगायचो आणि दर वेळी बरोबर ओळखायचो.”

“कशाचं वळखताय, दाजी! ती तुमचंच नाव धरायची. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यावं? मग तुमी म्हणाल त्या नावाला व्हय म्हणायची.”

भोवतालच्या बायका पदराआड हसल्या, मग रडल्या. माझी मान वर होईना.

उखाण्यात तरी घे, एवढं तिला म्हणायचं राहून गेलं.