धुऱ्यावरची भेंडी

माझ्या हाताला काही उगवत नाही, असं माहेरी सगळे म्हणायचे. म्हणून होळीच्या आधी मी गोंदियातल्या घरामागे, चार हात जागेत, हट्टानं भेंडी लावली. तेवढ्यात केशोरीहून बाबा आले. जन्मभर धानच केलेला माणूस! मी बाजारात गेले, तर बाबांनी वाफ्याभोवती मातीचा धुरा, म्हणजे बांध घातला अन् आत घोटाभर पाणी भरून ठेवलं.

"बाबा, हे काऊन केलं?"

"बांधी केली, धानाच्या वावरात करतो तशी. पाण्याबिगर पीक येते काय?"

"भेंडी आहे ते, धान नाही! बी सडंल ना!"

सडलंच. बाबांनी धुऱ्यावरची माती चाचपली. मग हळूच म्हणाले, "धुऱ्यावर लाव. आपण तूर नाही लावत का?"

उरलेलं बी मी धुऱ्यावर टोचलं. आता भेंडी कमरेला लागते. काल शेजारीण म्हणाली, "अरे वा, इतनी सारी भिंडी!"

मी तोंड उघडायच्या आत बाबा मिशीवर हात फिरवून म्हणाले, "माह्या पोरीच्या हातची हाये. अन् हे तं फक्त धुऱ्यावरचं झालं, बांधी तं अजून रिकामीच हाये!"