सहाशे वॉटचं ऊन

...अन् कमीच करायचं होतं, तं एवढा मोठा देला कायले? नाही, तुमीच सांगा! मी काही भांडखोर माणूस नाही. पातुरात असताना या पुंजाजीचा आवाज शेजाऱ्याले आयकू जात नसे. पन या दिव्यानं मले अमरावतीत आणून ओरडाले लावलं!

झालं काय, तुमाले सांगतो. लागोपाठ तीन सालं पानी नाही, हीर आटली, आमचा पानमळा उभा वाळला. तवा रविकांत, आमचा पोरगा, म्हणे, "बाबा, चला माह्याकडं." आलो. इंदूबाईनं, आमच्या घरचीनं, मळ्यातली शेवटची एक वेल डब्यात लावून एष्टीत मांडीवर आणली. अन् पोराचं घर कसं? तिन्ही बाजूनं बिल्डिंगा, उन्हाचा कवडसा नाही! वेल पिवळी पडाले लागली. ही म्हणे, "अवो, ही गेली तं मी इथं एक दिवस राहत नाही. मले पातुरले नेऊन घाला." मनात म्हटलं, बरं होईन! मलेही तेच पाहिजे होतं.

रविकांतनं कुठंसं वाचलं का दिव्याखाली झाडं वाढतात. गेलो नईमच्या बिजलीच्या दुकानात. दीडशे वॉटचा दिवा होता, अडीचशेचा होता, वेल एक! तं नईम म्हणे, "अरे काका, लेनाच है तो सहाशेचा घ्या! संग हा चोक घ्या, हा लोखंडी डबा. त्याले हा कान आहे, पिळला का उजेड कमी!" अबे, कमीच करायचं होतं, तं मोठा देला कायले?

दिवा लागला... खोलीत वैशाख! रविकांत चोकाचा कान पिळाले गेला, तं ही दारातून गरजली, "चप्पल काढ! वेलीपाशी चप्पल घालून जातात का रे?" आता ते बरोबरच आहे. आमच्या सात पिढ्यांत पानमळ्यात कोनी पायतान घालून शिरलं नाही. पोरानं चप्पल काढली, लोखंडी चोकाले हात लावला, अन् असा झटका बसला का गडी थेट पलंगावर!

नईमले बोलावलं. तो म्हणे, "काका, घरात अर्थिंगच नाही. चप्पल घालून पिळा." ही म्हणे, "चप्पल चालत नाही." तो म्हणे, "फिर करंट लागन, काकू!" ही म्हणे, "लागू दे!" लागू दे म्हणाले काय जाते? हात कोन लावीन? पाटावर उभं राहा म्हटलं, तं या घरात पाटच नाही, सारे टेबलावर जेवतात! बटन बंद करून पिळलं, तं लावल्यावर पुन्हा फुलच! आठ दिवस दिवा फुल. लोडशेडिंग होई, तेवढाच वेलीले इसावा!

पानं कडेनं करपली. मी खाटेवर बसून पाहून राहिलो. अजून दोन दिवस, का चाललो पातुरले! कोनी मले दोष देला नसता... पन पाहवलं नाही हो. जिले जलमभर शेवग्या-शेवरीच्या सावलीत वाढवलं, ते डोळ्यापुढं उघडी जळून राहिली! उठलो, हिचं जुनं लुगडं काढलं, अन् दिवा अन् वेलीच्या मधात दोरीवर गाठ मारून टांगलं. म्हणजे पाहा, दुकानातून ऊन इकत आणलं, अन् घरी त्याले सावली केली! कमीच करायचं होतं, तं मोठा देला कायले?

पंधरा दिवसांत कोंब फुटला. मंग दुसरा. मंग हातभर वेल! रविकांत साऱ्या कॉलनीले सांगते, दिव्याची कमाल. नईम सांगते, चोकाची कमाल. लुगड्याचं नाव कोनी घेत नाही.

परवा मी हळूच हिले म्हटलं, "चाल, चार दिवस पातुरले जाऊन येऊ." तं वेलीवरून नजर न काढता म्हणते, "तुमी या जाऊन. मी कशी येऊ? हिच्याजवळ कोनी पाहिजे ना."

गेलोही असतो. पन वेल रोज बोटभर वर चढते, अन् लुगडं रोज बोटभर वर सरकवा लागते... अन् ते गाठ हिच्यानं सुटत नाही.