दक्षिणेचं दार

आगीची खरी अक्कल कुणाला असते ते मला विचारा. सर्टिफिकेट देणाऱ्या फायरच्या साहेबाला नाही, भटजीला!

माझ्या भाच्यानं, श्रीधरनं, हुबळीत डीजे-बीजेवाला नाचायचा क्लब काढला. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आत होम ठेवला होता. भटजी कुंडासमोर बसले, काडी ओढली आणि थांबले.

"बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे?"

श्रीधरनं मागं बोट दाखवलं. दारावर हिरवा एक्झिटचा दिवा, दिव्याखाली फ्रेम केलेलं फायर सर्टिफिकेट आणि कडीला हे एवढं मोठं कुलूप.

"ते दक्षिणेचं आहे, आचार्य. वास्तुवाले म्हणाले, उघडं ठेवलं तर यम आत येतो."

भटजींनी काडी विझवली.

"यमाला आत यायला दार लागत नाही, श्रीधर. माणसाला बाहेर जायला लागतं. चाळीस वर्षं आगीपुढं बसतोय मी. उघडा, नाहीतर मी निघालो."

मुहूर्त टळत होता. झक मारत श्रीधरनं किल्ली शोधली. होम झकास झाला, कुणाला ठसकासुद्धा लागला नाही. सगळा धूर त्या दारानं गेला, पाठोपाठ नारळ घेऊन भटजीही तिथूनच गेले.

ते रस्त्याला लागले असतील-नसतील, श्रीधरनं परत कुलूप घातलं.

मी ओरडलो, "अरे, संध्याकाळी तीनशे पोरं नाचणार ना इथं?"

"मामा," तो म्हणाला, "होम तर झाला की."