टाचांचे बूट

“बसमध्ये मराठीत मोठ्यानं बोलू नकोस, समजणारं कुणीतरी असतंच,” हे बहिणीचं बजावणं केतकीनं कधी मनावर घेतलं नव्हतं. आज आयर्लंडमधल्या नास गावाच्या बसमध्ये, बाळाला मांडीवर घेऊन, ती स्वतःच पुढच्या सीटवरच्या नवराबायकोचं ऐकत होती.

“सुलेखा, तो कॉलेजचा फुटबॉल कोच आपल्या निमिषचा खेळ सोडून माझ्याकडेच बघत होता गं.”

“तुझी उंची बघत असेल. पोरगा अजून किती वाढेल, त्याचा अंदाज.”

“मग गेलीच स्कॉलरशिप!”

“अरे, सोळाव्या वर्षी उंचीचं कुणाला काय कळतंय? रविवारच्या मॅचला तू घरीच बस. मी टाचांचे बूट घालून उभी राहते.”

“त्या चिखलात?”

“ग्रँड होईल सगळं!”

रविवारी नासच्या मैदानाकडे गेलात, तर त्या बाई अजून उभ्या आहेत ना, एवढं बघाल?